सहवास आणि वेगळेपण : टेक्ससमधील दोन रानफुलांच्या रंगाची मीमांसा

दोन गोष्टींमधील भेद टिकून राहावयाचा असेल तर त्या परस्परांपासून दूर असाव्या लागतात, अशी एक सर्वसामान्य समजूत आहे. भाषेच्या अभ्यासकांना ती विशेष परिचयाची आहे. डोंगर, नदी किंवा राज्याची सीमा मध्ये आली आणि दळणवळण तुटले की एका बोलीच्या दोन बोली होतात. दळणवळण वाढले की त्या पुन्हा एकमेकींत मिसळू लागतात, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. जीवसृष्टीतील नव्या जातींच्या उत्पत्तीविषयीही बराच काळ असेच म्हटले जात असे, आणि ते चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. काही प्रसंगी दुरावा नव्हे, तर सहवास हाच वेगळेपणाचे कारण होतो. दोन जाती जेथे एकत्र नांदतात तेथेच त्यांतील भेद ठळक होतो, आणि जेथे त्या एकेकट्या राहतात तेथे तो पुसट राहतो. हे कसे घडते, याचे एक उत्तम अभ्यासलेले उदाहरण अमेरिकेच्या टेक्सस राज्यातील रानफुलांमध्ये सापडते. त्याचे विवरण करावे आणि त्यातून भाषेच्या अभ्यासकाला काय घेता येईल व काय घेता येणार नाही याचा थोडा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

प्रथम परिभाषेसंबंधी दोन शब्द. येथे ‘जाती’ हा शब्द वनस्पतिशास्त्रातील रूढ अर्थाने, म्हणजे वंशाखालील वर्ग या अर्थाने, योजिला आहे. एर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली मांडलेल्या व्याख्येचा सारांश असा की, ज्या समूहातील व्यक्तींचा आपापसांत संकर होऊ शकतो आणि इतर समूहांशी तसा संकर होत नाही, तो समूह म्हणजे एक जाती होय. जातींना अलग ठेवणारे हे जे अडसर, त्यांचे दोन वर्ग पडतात. परागकण दुसऱ्या जातीच्या फुलापर्यंत पोचलाच नाही, किंवा पोचूनही फलन झाले नाही, तर तो अडसर फलनपूर्व होय. फलन झाले, संकर जन्मास आला, पण तो दुर्बल किंवा वांझ निघाला, तर तो अडसर फलनोत्तर होय.

या दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. फलनपूर्व अडसरात काहीच खर्ची पडत नाही. फलनोत्तर अडसरात मात्र झाडाचे बीजांड खर्ची पडते, बीज पोसण्याचे श्रम खर्ची पडतात, आणि पदरात जे पडते त्याला पुढे संतती नसते. वांझ संकर म्हणजे झाडाच्या दृष्टीने केवळ तोटा होय.

मग नैसर्गिक निवड या तोट्याकडे कसे पाहते? या प्रश्नावर चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचा मतभेद झाला आणि १८६८ साली त्यांच्यात यासंबंधी पत्रव्यवहारही झाला. संकराचे वांझपण निवडीने घडविलेले असू शकत नाही, असे डार्विन यांचे म्हणणे होते. कारण वांझ संतती असणे हे कोणत्याही व्यक्तीच्या लाभाचे नाही, आणि निवड तर लाभावरच चालते. वॉलेस यांनी आपला पक्ष सोडला नाही आणि १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डार्विनिझम’ या ग्रंथात तो पुन्हा मांडला. पुढे थिओडोसियस डोब्झान्स्की यांनी १९३७ च्या आपल्या ग्रंथात व त्यानंतरच्या लेखनात या विचाराला आनुवंशिकीची बैठक दिली. त्यांच्या मांडणीत डार्विन यांचा आक्षेपही मोडत नाही. संकराचे वांझपण निवडीने निर्माण केले, असे येथे म्हणावयाचे नाही. ते आधीच, दोन जाती दूर असताना, आपोआप निर्माण झालेले असते. निवड करते ती त्यानंतरची गोष्ट. ज्या व्यक्ती परजातीशी संकर टाळतात त्यांचा तोटा वाचतो, म्हणून त्यांची संतती वाढते, आणि टाळण्याचा गुण पिढ्यान्‌पिढ्या बळावत जातो. या प्रक्रियेला आपण ‘दृढीकरण’ म्हणू.

येथे एक गैरसमज टाळावयास हवा. दृढीकरण जातीच्या भल्यासाठी घडत नाही. जातीला आपले शुद्धत्व राखण्याची इच्छाही नसते. एका झाडाने शेजारच्या झाडापेक्षा अधिक सुफल बीजे मागे ठेवली, एवढाच त्याचा हिशेब आहे. समजा, एका झाडाच्या दर शंभर बीजांपैकी वीस संकरित व वांझ निघतात आणि दुसऱ्याच्या दहाच निघतात. पहिल्याची ८० बीजे कामी येतात, दुसऱ्याची ९०. हा फरक दिसावयास क्षुल्लक आहे. पण तोच प्रत्येक पिढीत कायम राहिला तर दहा पिढ्यांत दुसऱ्याचा वंश पहिल्याच्या तुलनेत स्थूलमानाने सव्वातीन पट होईल आणि वीस पिढ्यांत दहा पटींहून अधिक. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. परंतु वर्षभरात जगून मरणाऱ्या वनस्पतीला वीस पिढ्या म्हणजे वीसच वर्षे, हे ध्यानात घेतले म्हणजे निवडीचा जोर कळून येतो.

२. दोन फुले आणि एक सीमा

फ्लॉक्स हे नाव आपल्याकडील बागकाम करणाऱ्यांस नवे नाही. हिवाळ्यात वाफ्यांतून लाल, गुलाबी, पांढऱ्या, जांभळ्या फुलांचे जे गुच्छ दिसतात त्यांत हे झाड असते. या बागेतील फ्लॉक्सची मूळ रानटी जाती म्हणजे टेक्ससमधील ‘फ्लॉक्स ड्रमाँडी’. थॉमस ड्रमाँड या स्कॉटिश संग्राहकाने १८३३-३४ च्या सुमारास टेक्ससमध्ये हिंडून वनस्पती गोळा केल्या व बीजे ब्रिटनला धाडली. १८३५ साली क्यूबात त्याचा मृत्यू झाला, आणि त्याच वर्षी विल्यम जॅक्सन हूकर यांनी या जातीला त्याचे नाव दिले.

टेक्ससच्या माळांवर तिची एक जवळची नातलग जाती वाढते, तिचे नाव ‘फ्लॉक्स कस्पिडाटा’. दोन्ही वर्षायू, दोन्ही वसंतात फुलणाऱ्या, दोहोंच्याही फुलांची नळी लांब व अरुंद. कुक्षी नळीच्या तळाशी दडलेली असल्यामुळे परागवहनाचे काम मुख्यतः लांब सोंडेच्या फुलपाखरांकडे आहे. त्यांतही ‘बॅटस फिलेनोर’ या काळ्या-निळ्या पंखांच्या फुलपाखराचा वाटा मोठा आहे.

ड्रमाँडीचा प्रदेश टेक्ससच्या मध्य भागापासून पूर्वेकडे पसरलेला आहे, आणि पूर्वेकडील पट्ट्यात ती कस्पिडाटाच्या सोबतीने वाढते. कस्पिडाटाचे फूल सर्वत्र फिकट निळ्या रंगाचे असते. ड्रमाँडी जेथे एकटीच वाढते तेथे तिचेही फूल तसेच फिकट निळे असते. परंतु जेथे दोघी एकत्र येतात तेथे ड्रमाँडीचे फूल गडद लाल होते. बदल होतो तो नेमका सहवासाच्या प्रदेशात, आणि तोही दोघींपैकी एकीतच.

या दोन जातींचा संकर होऊ शकतो व निसर्गात होतोही. परंतु तो बहुतांशी वांझ असतो. म्हणजे दृढीकरणाची पूर्वअट येथे पुरी होते. दोघींपैकी ड्रमाँडीच का बदलली, याचेही अनुमान करता येते. कस्पिडाटा स्वतःच्याच परागाने फळू शकते. तिची बरीच बीजे परक्या परागाची वाट न पाहताच तयार होतात. ड्रमाँडीला मात्र स्वतःचा पराग चालत नाही. तिला दुसऱ्या झाडाच्या परागावर अवलंबून राहावे लागते. जिला बाहेरून येणाऱ्या परागावाचून गत्यंतर नाही, तिलाच परका पराग येण्याची धास्ती अधिक, आणि म्हणून तो टाळण्याचा लाभही तिलाच अधिक असणार.

३. पुराव्याची परीक्षा

नकाशावर दोन सीमा जुळल्या म्हणजे कार्यकारणभाव सिद्ध झाला असे होत नाही, हे बोलींचा नकाशा हाताळणाऱ्यांस वेगळे सांगावयास नको. लाल रंग पूर्वेकडे योगायोगाने रुजला असेल. किंवा तेथील माती, पाऊस, ऊन यांना तो अधिक मानवत असेल. या शंकांचे निरसन केल्यावाचून दृढीकरणाचा सिद्धान्त स्वीकारता येणार नाही. डोनाल्ड लेव्हिन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लाल फुलांच्या ड्रमाँडीला फिकट फुलांच्या ड्रमाँडीपेक्षा कस्पिडाटापासून पुष्कळच कमी संकरित बीजे होतात, असे दाखविले होते. त्यानंतरचे विवेचन रॉबिन हॉपकिन्स आणि मार्क राऊशर यांच्या २०११ पासूनच्या संशोधनावर आधारलेले आहे.

त्यांनी प्रथम रंगाचे आनुवंशिक स्वरूप उलगडले. फिकट निळे व गडद लाल असा हा भेद वस्तुतः दोन भेदांचा मिळून झालेला आहे : एक वर्णाचा, निळा की लाल, दुसरा गडदपणाचा, फिकट की गडद. पहिला एका जनुकावर अवलंबून आहे, दुसरा दुसऱ्या. दोन्ही प्रकारच्या झाडांचा परस्परांशी संयोग केला असता पहिल्या पिढीतील फुले गडद निळी निघतात. म्हणजे निळेपण लालपणावर आणि गडदपणा फिकटपणावर प्रभावी आहे. या पिढीचा आपापसांत संयोग केला की पुढच्या पिढीत गडद निळी, फिकट निळी, गडद लाल व फिकट लाल अशी चारही प्रकारची फुले ९ : ३ : ३ : १ या प्रमाणात मिळतात. मेंडेल यांच्या वाटाण्यापासून परिचित असलेलेच हे प्रमाण होय.

यांतील पहिले जनुक निळसर रंगद्रव्य तयार करण्याच्या मार्गातील एका विकराचे आहे. लाल फुलात ते नष्ट झालेले नाही. पाकळीत त्याची अभिव्यक्ती तेवढी मंदावली आहे, त्यामुळे माल्व्हिडिन हे निळेपणा आणणारे रंगद्रव्य तयार होत नाही. दुसरे जनुक नियामक आहे. त्याच्या बदललेल्या रूपामुळे एकूण रंगद्रव्याचे प्रमाण वाढते. भाषाविज्ञानाच्या परिभाषेत सांगावयाचे तर हा विरोध एका भेदक लक्षणाचा नसून दोन परस्परनिरपेक्ष लक्षणांचा आहे. अशा वेळी पुढचा प्रश्न उघडच असा की, प्रत्यक्षात भेदकार्य करते ते कोणते लक्षण?

हा प्रश्न त्यांनी शेतातील प्रयोगाने सोडविला. तो १९१२ च्या नव्हे, तर अगदी अलीकडच्या, २०१२ सालच्या निबंधात वर्णिलेला आहे. चारही रंगांची ड्रमाँडीची झाडे कस्पिडाटाच्या सोबत उघड्यावर ठेवण्यात आली, परागवहन निसर्गतः होऊ दिले, आणि मग बीजांतून उगवलेल्या रोपांचे पितृत्व आनुवंशिक खुणांवरून ठरविण्यात आले. संकराचे प्रमाण घटले ते गडद फुलांच्या झाडांत. फुलपाखरे गडद फुलावरून फिकट फुलावर, किंवा उलट, कमी वेळा जात होती. म्हणजे डोळ्यांना प्रथम जाणवणारा निळा-लाल हा भेद नव्हे, तर गडद-फिकट हा भेद परागाची वाट अडवीत होता. आपल्याला जे लक्षण ठळक वाटते तेच व्यवस्थेत कार्यकारी असते असे नाही, हा धडा ध्वनींच्या वर्गीकरणात आपण अनेकदा घेतलेला आहे. तो येथे वेगळ्या क्षेत्रात पुन्हा मिळतो.

योगायोगाच्या शंकेचे निरसन दुसऱ्या मार्गाने झाले. लाल ड्रमाँडी व निळी ड्रमाँडी हे दोन समूह दीर्घकाळ अलग राहिले असते आणि त्यामुळे रंग वेगळे झाले असते, तर त्यांच्या इतर जनुकांतही तसाच भेद दिसला असता. तो दिसत नाही. दोन्ही समूहांत जनुकांची देवघेव मुबलक चालू आहे. इतर खुणांवरून पूर्व कोणती आणि पश्चिम कोणती हे फारसे ओळखता येत नाही. सर्व काही मिसळत असताना रंगाची रेषा मात्र टिकून आहे. ज्या प्रवाहात बाकी सारे वाहून जाते त्यात एकच वस्तू जागच्या जागी उभी असेल, तर तिला धरून ठेवणारे बळ असलेच पाहिजे. ते बळ निवडीचे होय.

४. मग सर्वत्र लाल का नाही?

येथे एक शंका स्वाभाविकपणे उपस्थित होते. जनुकांची देवघेव एवढी मुबलक असेल, तर लाल रंग पश्चिमेकडे का पसरत नाही? तेथे कस्पिडाटा नाही, तेव्हा लाल रंगापासून लाभ नाही हे खरे. पण लाभ नसणे म्हणजे हानी असणे नव्हे. निव्वळ निरुपयोगी गुणही वाऱ्यावर बीज उडावे तसा हळूहळू पसरत जावयास हवा.

याचे उत्तर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिळते. ड्रमाँडी जेथे एकटीच वाढते अशा ठिकाणी लाल व निळी झाडे शेजारी शेजारी ठेवून पाहिली असता निवडीचा कौल जुन्या फिकट निळ्या रंगाकडेच पडला, आणि त्यामागेही परागवाहकांची पसंतीच होती. याचा अर्थ असा की, गडद लाल रंगाला किंमत मोजावी लागते. पूर्वेकडे ती किंमत मोजणे परवडते, कारण त्या मोबदल्यात वांझ संकराचा मोठा तोटा वाचतो. पश्चिमेकडे वाचण्यासारखा तोटाच नाही. म्हणून तेथे लाल रंग आला तरी टिकत नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना निवड आहे, पण परस्परविरुद्ध दिशांची. भेदाची ही रेषा म्हणजे दोन बळांचा समतोल आहे.

आणखी एक गोष्ट यातून स्पष्ट होते. दृढीकरणामुळे एकाच जातीच्या अंतर्भागात दोन रूपे निर्माण झाली. ती पुढेमागे दोन स्वतंत्र जाती होतील काय? तसे घडू शकते, असे तत्त्वतः मानले जाते. परंतु येथे तसे घडलेले नाही. लाल आणि निळी ड्रमाँडी परस्परांशी मोकळेपणाने संकर करतात. परक्याला अडविणारा अडसर आप्ताला अडवितोच असे नाही.

५. इतर उदाहरणे आणि मर्यादा

हे उदाहरण एकटे नाही. त्याच वंशातील ‘फ्लॉक्स पिलोसा’ या गुलाबी फुलांच्या जातीत, जेथे ती ‘फ्लॉक्स ग्लॅबेरिमा’ या दुसऱ्या गुलाबी जातीजवळ वाढते तेथे, पांढरी फुले बळावतात, आणि त्या फुलांवर परका पराग कमी पडतो, असे लेव्हिन आणि कर्स्टर यांनी १९६७ साली दाखविले. व्हर्न ग्रँट यांनी १९६६ साली कॅलिफोर्नियातील ‘गिलिया’ वंशाच्या जातींची तुलना केली. ज्या जाती एकत्र वाढतात त्यांचा परस्परसंकर करणे अत्यंत कठीण, आणि ज्या दूर दूर वाढतात त्यांचा त्या मानाने सोपा, असे त्यांना आढळले. तेथे अडसर फुलाच्या रंगात नसून पराग व कुक्षी यांच्या विसंगतीत होता. परंतु तत्त्व तेच.

तथापि दृढीकरण हा सर्वत्र लागू पडणारा नियम नव्हे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याविषयी बराच संशय व्यक्त झाला, आणि तो निराधार नव्हता. संकर अंशतः जरी सुफल असेल तरी त्याच्याद्वारे जनुके इकडून तिकडे जातात, आणि ‘परक्यास टाळा’ असे सांगणारे जनुक ज्या जातीच्या लाभाचे आहे तिच्यापासून सुटून दुसरीत जाऊ शकते. अशा स्थितीत अडसर बळावण्याआधीच दोन्ही जाती एकजीव होण्याची शक्यता असते. संख्येने लहान असलेली जाती तर वांझ संकरांतच आपली बीजांडे घालवून नामशेष होईल, त्या ठिकाणी निवडीला काम करावयास वेळच मिळणार नाही. म्हणून दृढीकरण घडावयाचे तर संकराचा तोटा पुरेसा मोठा, टाळण्याचा उपाय पुरेसा सोपा, आणि दोन्ही समूह पुरेसे मोठे असावे लागतात. ड्रमाँडीमध्ये या अटी पुऱ्या झाल्या, आणि दोन जनुकांतील बदल एवढा सोपा उपायही तिला उपलब्ध झाला.

६. भाषेच्या अभ्यासकासाठी

जाती आणि भाषा यांची तुलना नवी नाही. आउगुस्ट श्लायखर यांनी १८६३ साली डार्विन यांच्या सिद्धान्ताची भाषाविज्ञानाशी सांगड घातली होती, आणि त्या तुलनेच्या अतिरेकामुळे झालेले नुकसानही आपणांस ठाऊक आहे. म्हणून साम्य मर्यादित ठेवूनच पुढील उदाहरणाकडे पाहावे.

झ्यूल गिलिएराँ यांच्या फ्रान्सच्या भाषिक नकाशासंग्रहातून, जो १९०२ ते १९१० या काळात प्रसिद्ध झाला, एक प्रसिद्ध उदाहरण मिळाले. ब्लूमफील्ड यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात त्याचा परामर्श घेतला आहे. नैर्ऋत्य फ्रान्समधील गॅस्कनीच्या एका भागात शब्दान्ती येणाऱ्या लॅटिन द्वित्त लकाराचा तकार झाला. त्यामुळे कोंबड्याचा वाचक शब्द ‘गाट’ असा व्हावयास हवा होता. परंतु मांजराचा वाचक शब्दही तेथे ‘गाट’ असाच होता. शेतकऱ्याच्या घरात कोंबडा आणि मांजर यांचा घोटाळा परवडणारा नव्हे. परिणामी, नेमक्या त्याच भागात कोंबड्याचे जुने नाव लुप्त झाले आणि त्याच्या जागी कोठे फेझंट पक्ष्याचा, कोठे पिलाचा वाचक शब्द रूढ झाला. शेजारच्या ज्या भागात लकार टिकून राहिला तेथे जुने नावही टिकले.

दोन्ही उदाहरणांची घडण सारखी आहे. संदिग्धतेचा प्रदेश आणि बदलाचा प्रदेश एकच. बदल दोहोंपैकी एकातच. आणि जेथे घोटाळ्याची भीती नाही तेथे जुनी स्थिती कायम. बदल का झाला हे ड्रमाँडीचे एकटे फूल पाहून, किंवा कोंबड्याचा एकटा शब्द पाहून, कधीच कळले नसते. त्यासाठी शेजारी कोण आहे हे पाहावे लागते. वेगळेपण हा वस्तूचा स्वतःचा गुण नसून तिच्या शेजाराशी असलेला संबंध आहे, ही जी दृष्टी आधुनिक भाषाविज्ञानाने आपणांस दिली, तिला वनस्पतिशास्त्राने प्रयोगाची जोड दिली असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु साम्य येथेच थांबते. बोलणाऱ्याला आपले बोलणे समजले नाही हे जागच्या जागी कळते; तो दुसरा शब्द योजतो आणि श्रोता तो उचलतो. फुलाला काहीच कळत नाही. ज्या झाडाची बीजे वांझ गेली ते झाड काही शिकत नाही, ते केवळ मागे पडते. एकीकडे दुरुस्ती आहे, दुसरीकडे केवळ गाळणी आहे. शिवाय वनस्पतिशास्त्रज्ञाला चार रंगांची झाडे शेतात ठेवून निवड प्रत्यक्ष चालताना पाहता येते व तिचे माप घेता येते. गॅस्कनीतील कोंबड्याच्या नावाविषयी आपल्याजवळ नकाशा आहे, प्रयोग नाही. नकाशावरील सीमा जुळल्या की आपण समाधान पावतो. टेक्ससच्या फुलांचा अभ्यास सांगतो की तेथे तर शोधाची सुरुवात होते : योगायोग वगळावा लागतो, ठळक लक्षणातून कार्यकारी लक्षण वेगळे काढावे लागते, आणि बदल जेथे झाला नाही तेथे तो का झाला नाही याचेही उत्तर द्यावे लागते. बोलींच्या सीमांचा अभ्यास करणाऱ्याने यांपैकी निदान शेवटचा प्रश्न स्वतःस विचारल्यावाचून आपला नकाशा मिटू नये.